मण्यापलीकडचा डाग

आमच्या दीडशे वर्षांच्या म्हाताऱ्या रिव्हॉल्व्हरला नेम धरायला काय दिलंय, तर नळीच्या टोकाला मोहरीएवढा पितळेचा मणी आणि घोड्याच्या डोक्यावर नखाने ओरखडल्यासारखी एक खाच. घोडा मागे ओढून चढवला तरच खाच समोर येते. घोडा पडला की खाचही गेली. ज्याने ही वस्तू घडवली त्याची नजर घारीची असणार, आणि माणूस कधी अडुसष्ट वर्षांचा होतो हे त्याच्या गावीही नसणार.

बाबांनी आम्हा दोघा भावांकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. मण्याकडे बघायचं, निशाणाकडे नाही. निशाण धुरकटच दिसलं पाहिजे. ते स्पष्ट दिसू लागलं म्हणजे नजर मण्यावरून सुटली. त्यामुळे साठ वर्षं मी धुरकट काळ्या डागावर गोळ्या झाडत आलोय आणि अख्ख्या परगण्यात त्यावर मिरवलोय.

मार्चमध्ये शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरणीने सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करून घ्या. मी मान डोलावून बाहेर पडलो आणि कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही. डोळ्याला पातं लावणार हा नुसता विचारही मला सोसत नाही. शिवाय सप्टेंबरची जोडीची स्पर्धा होती. मी आणि आर्ने, माझा धाकटा भाऊ, एकतीस वर्षं तिथे जोडीने उतरतोय. उन्हाळ्यात एका डागाचे दोन दिसू लागले. कधी डाग बाजूला सरकायचा. मी डोळे मिचकवायचो आणि मनात म्हणायचो, डोळ्याचा खेळ आहे, दुर्लक्ष कर.

त्या गुरुवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीने जुन्या खडीच्या खाणीवर सरावाला गेलो. मोंटानात सप्टेंबरात वारा सुटला की कानात बोळे नसले तरी ऐकू येत नाही, आणि आम्ही तर बोळे घालून वर कर्णटोपही चढवतो. म्हणून बाबांच्या वेळेपासून आमची खूण ठरलेली. खांद्यावर एक थाप म्हणजे ‘मी निशाणाचा कागद बदलायला पुढे जातोय, हत्याराला हात लावू नकोस.’ दोन थापा म्हणजे ‘मी मागेच आहे, हाण.’

मी चक्रीच्या पाच घरांत बंदुकीची दारू ओतली, शिशाच्या गोळ्या दाबून बसवल्या, तोंडाला चरबी फासली, मागे ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या इवल्या टोप्या चढवल्या आणि रिव्हॉल्व्हर फळीवर ठेवलं. डावा डोळा झाकायला चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावत होतो, तेव्हा खांद्यावर थाप पडली. मग दुसरी.

मी मान खाली घालून चिकटपट्टी सावकाश बसवली, चष्मा पुसला, घातला आणि रिव्हॉल्व्हर उचललं.

घोडा चढवला. खाच आली, खाचेत मणी आला, मण्यापलीकडे पन्नास पावलांवर काळा डाग आला. आज डाग दोन होते आणि एक मोठा होता. तो जरासा हललासुद्धा. ‘पुन्हा तेच,’ मी मनाशी चरफडलो. ‘गप उभा राहा.’ आणि दोन्हींतला जास्त काळा होता तो धरला.

चाप ओढला. घोडा पडला, टोपी फट् झाली. पण बार उडाला नाही.

असं होतं. दारू सर्द असली की आत धुमसत राहते आणि मागाहून उडते. नियम असा की नळी निशाणावरून तसूभरही हलवायची नाही आणि तीसपर्यंत मोजायचं. मी मोजू लागलो. एक. दोन. घोडा पडलेला, म्हणजे खाच नाही; बघायला मणी एकटा काय कामाचा? नजर आपोआप पुढे गेली.

सातला मोठ्या डागाला पाय फुटले.

आठला त्याने वाकून वाऱ्याने पडलेली आपली टोपी जमिनीवरून उचलली आणि डोक्यावर घातली.

आर्ने! ओरडलो असतो तरी त्याला ऐकू आलं नसतं. नळीमागे गोळी, आत कदाचित धुमसणारी ठिणगी, आणि नळी भावाच्या पाठीवर. वर उचलू? उचलता उचलता उडाली तर डोक्यात. बाजूला नेऊ? एकाचे दोन दिसत होते, त्यातली मोकळी बाजू कुठली हेच कळेना. साठ वर्षांची सवय ‘हलू नकोस’ म्हणत होती आणि मी तिचं ऐकून आणखी तीन आकडे तसाच उभा राहिलो. याची लाज मला मरेपर्यंत वाटेल.

अकराला मी नळी खाली दाबली, पायापुढच्या मातीत. एकोणीसला बार उडाला. खडे माझ्या नडगीवर आदळले.

आर्ने लंगडत परत आला, कर्णटोप काढत. ‘‘काय रे म्हाताऱ्या, मातीत कोणाला मारतोयस? घुशीला?’’

‘‘तू दोन थापा दिल्यास.’’

‘‘एकच दिली. मग फळीवरून उठताना तुझ्या खांद्याचा आधार घेतला, कंबर धरलीये माझी. तिथनं हात केला होता की तुला! तू सरळ माझ्याकडेच बघत होतास. म्हटलं, बघतोय हा.’’

‘‘मी बघत नव्हतो,’’ मी म्हणालो. ‘‘मी नेम धरला होता.’’

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसणं थांबलं.

‘‘चाप ओढलास?’’

‘‘ओढला.’’

तो फळीवर बसला. मी सगळं ओकलो: मोतीबिंदू, डॉक्टरीण, सरकणारे डाग. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘हाल्व्होर,’’ रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून घेत तो म्हणाला, ‘‘उरलेल्या चारी गोळ्या मी मातीत उडवतो. तू हात लावू नकोस. आणि गाडीची किल्ली दे.’’

‘‘गाडीची कशाला?’’

‘‘इथवर गाडी कोणी आणली?’’

मी किल्ली दिली.

परतताना लिंडक्विस्टांच्या शेताजवळच्या वळणाशी माझ्या तोंडून ‘थांब’ निघालं. सकाळी येताना, शाळेच्या बसच्या वेळेला, आर्ने मान खाली घालून थर्मासमधली कॉफी ओतत होता, तेव्हा याच वळणावर उजव्या हाताला, अगदी गाडीच्या आरशाला लागून, एक काळा डाग आला होता. मी डोळे मिचकवले होते. वेग कमी केला नव्हता.

‘‘आर्ने, इथे कडेला खांब आहे का? नाहीतर झुडूप? टपालपेटी?’’

तो उतरला. बराच लांब चालत जाऊन, गवतात पायाने चाचपून परत आला आणि खिडकीशी वाकला.

‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘नुसती चिखलात पावलं आहेत, पुढे चालत गेलेली. लहान आहेत.’’