निळ्या बटणाचा हेवा

मित्रांनो, मी शर्टाचं एक जुनं, पांढरं बटण आहे, आणि हेवा करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका कारखान्यातला. कड उडाली म्हणून मला टाकून दिलं, तेव्हा अंबरनाथच्या कुंदाताईंनी उचलून बटणांच्या डब्यात टाकलं. त्या कॉलेजात गणित शिकवतात. डोळे मिटून डब्यातली दोन बटणं धरायची, दोऱ्याने एकमेकांना बांधायची, पुन्हा आत सोडायची, असं करत त्यांनी आमचं जाळं केलं. बटण म्हणजे माणूस, दोरा म्हणजे भेटगाठ. मग एका बटणाला कुंकू लावायचं, तो आजारी. त्याच्या प्रत्येक दोऱ्यासाठी नाणं उडवायचं. छापा पडला की पलीकडच्यालाही कुंकू. साथ कशी पसरते, ते मुलं बघत बसायची.

माझ्या वाट्याला एकच दोरा आला, तोही निळ्या बटणाचा. निळ्याला मात्र चहूकडून दोरे! त्याचं कर्तृत्व काय, तर ते सारखं हाताला लागलं. मुलं त्यालाच उचलून बघायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा तापाची साथ आली. कुंदाताईंची आई बनूबाई शिवमंदिराजवळ बेल-फुलं विकते. लस थोडीच आली होती आणि ही आपली पाळी दुसऱ्याला द्यायला निघाली. तिचं वय झालेलं. कुंदाताईंचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यांनी आम्हाला तिच्या टोपलीशेजारी पसरलं.

“मी हितून हलत पण नाय. मला कशाला सुई?” बनूबाई म्हणाली.

कुंदाताईंनी तिला डोळे मिटून एक बटण धरायला सांगितलं. मित्रांनो, तिने मला धरलं! मी फुगलो.

“हे नको,” कुंदाताई म्हणाल्या. “याचा दोरा ज्याच्याकडे जातो, त्याला लस दे. कोणाच्याही ओळखीचा माणूस धरला, तर बहुतेक वेळा मूळ माणसापेक्षा त्याच्याच ओळखी जास्त निघतात.”

पुन्हा निळंच! मला रडू यायचं बाकी होतं.

“आई, तू कुठे जात नाहीस. पण सगळे तुझ्याकडे येतात.”

बनूबाई निळ्याकडे बघत राहिली. कुंदाताईंनी लस दिली म्हणून त्याचे सगळे दोरे कापले आणि दुसऱ्या एका बटणाला कुंकू लावून नाणं उडवलं. छापे पडत गेले, पण साथ चार बटणांतच अडकली. संध्याकाळी बनूबाई लस टोचून घेऊन आली.

मी कोरा राहिलो. पण माझा एकुलता दोराही तुटला, आणि ज्याच्यावर इतकं जळलो, त्याच्याशिवाय मला कोणीच नव्हतं, हे तेव्हा कळलं.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत असं कोणी असेल, ज्याच्याकडे सगळे जातात. हवा तेवढा हेवा करा त्याचा. पण आधी जाऊन विचारा, तुझी लस झाली का?