बेडकाचा विसावा

मित्रांनो, मी एक जुना गेमचा डबा आहे. 'डबा' हा शब्द माझा नाही, घरातल्या दादाचा आहे. माझं खरं नाव कन्सोल. नवा होतो तेव्हा राखाडी होतो, आता पिवळा पडलोय. आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट मी वैतागून सांगणार आहे. पूर्ण तीन आठवडे मला सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. यापेक्षा मोठी शिक्षा असते का?

एका लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला घडवलं. माझ्या पोटात दोन हजार कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात एकच आकडा मावतो, शून्य ते दोनशे पंचावन्न. वीज गेली की मी सगळं विसरतो. पण वीज परत आली की कप्पे रिकामे नसतात बरं का! त्यांत काहीबाही आकडे पडलेले असतात. कुठे सात, कुठे दोनशे चाळीस. ते कुठून येतात, मलाही सांगता येणार नाही. माझी घडणच तशी. जुने गेम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. ते सुरुवातीलाच सगळे कप्पे झाडूनपुसून घेत आणि मगच खेळ मांडत.

मला घरी आणलं टेलरकाकांनी. तेव्हा त्यांची चिमी सात वर्षांची होती आणि दादा दहाचा. दारात चपलांचा ढीग पडायचा. 'काय भारी आहे रे!' असं म्हणत मुलं मला नुसता हात लावून बघायची. चिमीने तर माझ्यासाठी कापडी खोळ शिवून घेतली होती. मग मुलं मोठी झाली, दारातल्या चपला कमी झाल्या आणि मी खोळीसकट माळ्यावर गेलो. वीस वर्षं तिथे काढली. एकदा पालीने माझ्यावर अंडी घातली, तेवढीच काय ती सोबत.

मला खाली काढलं ते काकांच्या आजारपणामुळे. मेंदूला झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. ज्या हाताने एका दमात काजं केली, त्याला चमचा धरवेना. व्यायाम घेणाऱ्या मॅडम रबरी चेंडू देऊन गेल्या. "हे पहिले महिने महत्त्वाचे आहेत काका, बोटं हलती ठेवा. आता आखडली तर मग अवघड."

काकांनी चेंडू दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी तो पलंगाखाली गेला आणि तिथेच राहिला.

चिमी आता स्वतः आई झाली होती. तान्हं बाळ घेऊन ती माहेरी आली होती. बाळ दुपारी झोपलं की तासभर लॅपटॉप उघडायची आणि बाबांसाठी एक गेम लिहायची, माझ्यावर चालणारा, एका बटणाचा. तळ्यात कमळाची पानं आणि एक बेडूक. बटण दाबलं की बेडूक पुढच्या पानावर उडी मारतो. दहा सेकंदांत उडी मारली नाही तर पान बुडतं आणि बेडूक पुन्हा पहिल्या पानावर येतो.

काकांचा हात थरथरायचा. एकदा दाबायला जावं तर बटण दोनदा लागायचं, आणि बेडूक दोन उड्या मारून पाण्यात. म्हणून चिमीने बेडकाला विसावा दिला. एका कप्प्याचं नावच तिने 'विसावा' ठेवलं. उडी झाली की त्यात सहा हा आकडा भरायचा, तो एकेक करून उतरायचा, आणि शून्य होईपर्यंत बेडूक कुणाचं ऐकायचा नाही. किती मायेने विचार केला पोरीने! फक्त एक गोष्ट राहिली. पहिल्या उडीच्या आधी त्या कप्प्यात काय असावं, हे तिने लिहिलंच नाही.

लॅपटॉपमध्ये माझी नक्कल करणारा एक प्रोग्राम आहे. मोठं गुणी बाळ! सुरू होतानाच सगळे कप्पे पुसून शून्य करून ठेवतो. त्यामुळे तिथे गेम छान चालला. चिमीने तो माझ्या कॅसेटमध्ये भरला आणि बाबांच्या हातात बटण दिलं.

टीव्ही आधीच चालू होता. काकांनी स्वतःच माझा प्लग लावला आणि लगेच बटण दाबलं. बेडूक बसून राहिला. पुन्हा दाबलं, दात-ओठ खाऊन दाबलं. पान बुडालं.

"दाबलंच जात नाहीये माझ्याच्याने."

"द्या बघू." चिमीने बटण घेतलं, दाबलं, बेडकाने टुणकन उडी मारली. "चालतंय की, बाबा!"

"मेला हा हात!" काका उजव्या हातावर चिडले.

अरे, माझ्या त्या कप्प्यात एकशे सत्त्याऐंशी पडले होते! ते शून्यावर उतरायला पंधरा सेकंद लागतात, आणि चिमीने दाबलं तोवर ते उतरून गेले होते. तुमचं बटण माझ्यापर्यंत पोचलं होतं काका, दर वेळी पोचलं होतं! पण हे सांगणार कसं? दिवा तेवढा लालबुंद करून बसलो.

असं रोज व्हायचं. कधी कप्प्यात नेमका लहान आकडा पडायचा आणि गेम चालून जायचा, की गोंधळ आणखी वाढायचा. चिमीने लॅपटॉपवर विसाव्यावर पाळत ठेवली. शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. अगं बाई, चोरी या घरात झाली आणि तू पहारा शेजारी देतेस! मग तिने बटण उघडून आतलं रबर स्पिरिटने पुसलं. दादा ऑफिसातून आला आणि म्हणाला, "तो डबा गेलाय. फेकून दे. नवीन आणू."

"नव्यावर माझा गेम चालेल का?"

"मग डॉक्टर सांगतील ते करू. बेडकावर काय अडून बसलीस?"

शेवटी तिने विसाव्याचा आकडा टीव्हीच्या कोपऱ्यात दिसेल असं केलं. मला वाटलं, सुटलो! पण लहानपणापासूनची तिची सवय. मला सुरू करायचं, जुन्या टीव्हीवर चित्र येईपर्यंत बाळाचं पांघरूण नीट करायचं, आणि मग रीसेट दाबून खेळायला बसायचं. तोवर आकडा उतरून गेलेला, आणि रीसेटने माझे कप्पे बदलत नाहीत. कोपऱ्यात पुन्हा शून्य! मी आतून इतका तापलो की तिने माझ्यावर हात ठेवून पाहिला.

त्या दुपारी काकांनी बटण बाजूला सारलं. "नको आता, चिमे. उगाच तुझा वेळ जातो."

"बाबा, एकदाच."

"तू लावून दिलंस तर चालतं. मी लावलं की नाही चालत. यंत्रसुद्धा माणूस बघून वागतं."

"असं कसं होईल, बाबा? काहीतरीच काय..." ती चिडून बोलत होती, ती मध्येच थांबली. "तुम्ही कसं लावता? मला दाखवा."

"कसं म्हणजे? शिलाई मशीनच्या मोटरसारखं. आधी प्लग काढायचा. गार होऊ द्यायचं. मग लावायचं आणि कामाला लागायचं. तुझ्यासारखं बटणं दाबत बसत नाही मी."

चिमीने प्लग काढला. टीव्ही चालूच ठेवला. मनात वीस मोजले. प्लग लावला, आणि रीसेटकडे गेलेला हात आवरला.

कोपऱ्यात १८७. मग १८६. मग १८५.

तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दोन्ही अंगठे लावून दाबलं. बेडूक ढिम्म.

"बाबा," ती ओरडली, आणि बाळ दचकून उठलं, "माझ्याच्यानेही दाबलं जात नाहीये! बघा ना! माझ्या हाताला काय झालंय?"

ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. काकांना आकडे कळले नाहीत, पण लेकीचे धडधाकट हात बटणावर आपटताना त्यांनी स्वतः पाहिले.

रडणारं बाळ मांडीवर घेऊन तिने एका हाताने एकच ओळ लिहिली: सुरुवातीला विसावा शून्य. मग काकांनी त्यांच्या पद्धतीने प्लग काढला, मला गार केलं, लावलं आणि दाबलं. बेडकाने पहिल्याच झटक्यात उडी मारली. सातव्या पानावर तो पाण्यात पडला.

"आंधळा आहे का रे मेल्या!" काका त्याच्यावर खेकसले. "समोर एवढं मोठं पान दिसत नाही? चिमे, परत लाव!"

आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी हात सोडून दुसऱ्या कुणाला तरी शिव्या घातल्या.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, हे तर मी मागणारच. पण त्याआधी एक मागतो. घरातलं कुणी 'माझ्याच्याने होत नाही' म्हणालं, तर त्याच्या हातातून वस्तू काढून घेऊन 'हे बघ, होतंय' असं दाखवू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि तो सुरुवात कुठून करतो, तिथूनच तुम्हीही करून बघा.