मीटरला शिवलेला अंगरखा

मी एक जुना विजेचा मीटर आहे. एका शिंप्याच्या घरात, दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर मी राहतो. माझ्या पोटात एक चकती आहे. वीज वापरली की ती फिरते आणि आकडे पुढे सरकतात. मित्रांनो, एवढेच माझे काम. पण त्यात मी कधी अंगचोरपणा केला नाही.

मी इथे आलो तेव्हा मास्तरांनी शिलाई मशीनला नवी मोटर बसवली होती. “हा पळतोय म्हणजे धंदा पळतोय!” असे ते माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना सांगत. मी फुशारून जाई.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. धंदा बसला आणि एक बिल थकले. ज्या माणसाने कपडा द्यायला कधी उशीर केला नाही, त्याची मान खाली गेली. रीडिंग घेणारा आला की, हा वसुलीलाच आला, असे समजून मास्तर दार लावून घेत. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर माझ्यावर पडू नये म्हणून त्यांनी टेपने माझे माप घेतले आणि मला चक्क अंगरखा शिवला. काजे-बटणांसकट! आत मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आकडा मिळेना, म्हणून बिले सरासरीने येऊ लागली; आणि सरासरी होती भरभराटीच्या दिवसांची. माझी चकती जेमतेम हलत होती आणि बिल फुगत होते. मला सगळे कळत होते; पण सांगायला तोंड कुठे होते!

शेवटी वायरमन वीज तोडायला आला. मशीनवर शाळेच्या गणवेशांचे मोठे काम होते. वीज गेली तर ते काम जाणार, उरलासुरला धंदाही जाणार. मास्तर कोपऱ्यात टेपशी चाळा करत उभे राहिले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, पुढे होऊन माझ्या अंगरख्याची बटणे काढली.

“आकडा तर बराच मागे आहे!” वायरमन म्हणाला. “बिल जास्तीचं आलंय तुम्हाला. दार का नाही उघडलंत?”

“लाज वाटत होती,” मास्तर पुटपुटले.

“उद्यापर्यंत थांबतो. याचा फोटो घेऊन ऑफिसात जा. बिल दुरुस्त होईल, उरलेल्याचे हप्ते पाडून मागा.”

तो गेल्यावर मास्तर म्हणाले, “हप्ते कुठल्या तोंडानं मागू?”

“अहो, सुताराचा कोट तुम्ही हप्त्यानंच दिलात ना? त्याला काय भिकारी म्हणालात?” काकूंनी चपला घातल्या. “चला, मी येते.”

परतल्यावर मास्तर माझ्यासमोर उभे राहिले. “दिले रे हप्ते पाडून. नुसतं विचारायचं होतं,” ते मला म्हणाले. त्याच अंगरख्याने त्यांनी माझी काच पुसली.

बाकी अजून फिटलेली नाही. रीडिंगवाला दिसला की मास्तरांचे कान लाल होतात. पण दार ते स्वतः उघडतात. अंगरखा आता मशीन पुसायला आहे. त्याची सुबक काजे पाहिली की मला वाईट वाटते. एवढी सुरेख शिलाई त्यांनी लाज झाकण्यात घालवली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या माझ्या भावाची काच पुसत जा, त्याच्यावरचा आकडा वाचत जा. आणि घरातले कोणी बिल लपवताना दिसले, तर हसू नका. त्यांच्याबरोबर ऑफिसच्या खिडकीपर्यंत जा. तिथे एकट्याने उभे राहणे फार जड जाते.