पाठीवरचा पिवळा चिमटा

मी कपड्यांचा चिमटा बोलतोय. स्वयंपाकघरातला चिमटा तो मी नव्हे. तो माझा लांबचा चुलतभाऊ, सतत आगीत हात घालणारा आणि म्हणूनच जरा तापट. मी प्लॅस्टिकचा, पिवळाधमक, पोटात एक स्प्रिंग. तोंड उघडणं आणि तोंड मिटणं एवढंच मला येतं. आज उघडलंय ते लवकर मिटायचं नाही, कारण गेल्या आठवड्यात जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून गरमागरम बाहेर पडलो, एका मावशींनी माझे दोन पाय स्प्रिंगने जोडले, स्वतःच्या बोटावर लावून पाहिलं आणि हात झटकत म्हणाल्या, "चावरा आहे मेला." मला ती शाबासकीच वाटली. आयुष्यभर मी ती जपली आहे.

पुढची वर्षं गेली एका तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. तिथे राहणारं कुटुंब घर सोडून गेलं तेव्हा त्यांनी कुंड्या नेल्या, झाडू नेला, दिवेसुद्धा काढून नेले आणि आम्हाला तेवढं तारेवर विसरले. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला. माझी भावंडं उन्हाने ठिसूळ होऊन एकेक करून गळली. रिकाम्या तारेला धरून बसण्यासारखं दुसरं दुःख नाही हो. धरायचं तर कशासाठी, तेच कळत नाही.

मग हे नवराबायको राहायला आले. पहिल्याच दिवशी ती बाल्कनीत आली, मला दाबून पाहिलं आणि आत बघून म्हणाली, "अहो, हा पिवळा अजून चांगला धडधाकट आहे." त्या क्षणापासून मी तिचा.

ती बेकरीत केकवर फुलं काढते. तो वजनकाटे तपासतो. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, काटा खरा आहे की नाही ते बघायचं, खोटा निघाला तर बंद करायला लावायचा. आता असा माणूस दारात दिसल्यावर कोणता दुकानदार आनंदाने नाचेल? त्यात हा बुजरा. बुजरा माणूस ओठ आवळून उभा राहिला की लोकांना तो खडूस वाटतो. बदली होऊन इतके महिने झाले, पण गावात "काय, बरं आहे ना?" म्हणणारं एक माणूस त्याने जोडलं नव्हतं.

ऑफिसने त्याला विचारलं होतं, इथेच कायम राहता की जुन्या गावी परत जाता? उत्तर शनिवारी द्यायचं होतं. त्याचं उत्तर ठरल्यात जमा होतं, परत जायचं. तिचा जीव मात्र इथे रमला होता. त्याला ती काही बोलत नसे, पण कपडे वाळत घालताना एकेका मोज्याला सांगत असे. ते ऐकून माझा जीव टांगणीला लागला. तसा तो कायम टांगलेलाच असतो म्हणा, पण हे निराळं. पुन्हा विसरलं जायचं, या विचाराने माझी स्प्रिंग गार पडायची.

आणि उजाडला तो सोमवार!

ती पहाटेच बेकरीत गेली होती. याला उठायला उशीर झाला. धावतपळत बाल्कनीत आला आणि तारेवरचं जॅकेट त्याने असं काही ओढलं की बाकीचे नवे चिमटे टणाटण उडाले. मी सुटलो नाही. चावरा ना मी! जॅकेटच्या मागच्या काठाला, अगदी मधोमध, दात रोवून बसलो, आणि पठ्ठ्याने न बघताच ते अंगात घातलं. बघता बघता आम्ही जिना उतरून रस्त्यावर.

तुम्ही सगळे पुढे बघत चालता. मी मागे बघत निघालो. काय सांगू, जगाची खरी गंमत माणूस पुढे गेल्यावरच सुरू होते! पोस्टमन आजूबाजूला कुणी नाही असं बघून फरशीवरच्या चौकोनांतून लंगडी घालत गेला. न्हाव्याने गिऱ्हाईक बाहेर पडताच टॉवेल कमरेला गुंडाळून एक गिरकी घेतली. एक कुत्रा विजेच्या खांबाच्या अरुंद सावलीत मावण्यासाठी अंग चोरून झोपला होता, शेपूट तेवढी उन्हात. मला वाटायचं, जग म्हणजे बाल्कनीवरचा एक निळा चौकोन. हे एवढं सगळं रोज फुकट चालतं आणि मला पत्ताच नाही!

आणि लोक मला बघून हसत होते. बसच्या थांब्यावरच्या बायका, शाळेची पोरं, फळवाला. किराणा दुकानातल्या आजी तर कडक म्हणून प्रसिद्ध. हा पेटी ठेवायला वळला, त्यांना मी दिसलो, आणि त्या डाळीच्या पोत्याला धरून हसल्या. याने वर पाहिलं. समोर हसरा चेहरा. बिचारा गांगरला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून स्वतःही हसला. ते हसू जरा गंजलेलं होतं, पण चाललं.

संध्याकाळी तो गुणगुणत घरी आला. जुन्या गावचं सामान बांधल्यापासून हे गुणगुणणं बंद होतं. "अगं, आज लोक फार बरे वागले," असं म्हणून तो हात धुवायला वळला आणि तिला मी दिसलो. तिने हात पुढे केला. मग तो मोठमोठ्याने सांगू लागला, फळवाल्याने म्हणे चक्क "या साहेब" म्हटलं. तिचा हात तसाच मागे गेला. तोंडात पदराऐवजी उशी कोंबून ती आतल्या खोलीत हसली आणि नंतर जरा रडलीही.

मंगळवारी मी पुन्हा पाठीवर. आज तर हाच आधी हसत सुटला. आजींच्या दुकानावरून जाताना रस्त्यातूनच त्यांना हात केला. बसवाल्याला केला. जेवताना त्याने बायकोला न्हाव्याचं मांजर, उलटी लागलेली पाटी आणि एका बाळाचा एकच बूट असं सगळं रंगवून सांगितलं. इतके महिने हा माणूस काय डोळे मिटून चालत होता?

बुधवारी घात झाला. एका शिंप्याने हळूच सांगितलं, "साहेब, रागावू नका. पाठीला चिमटा आहे. परवापासून आहे."

त्याचे कान लाल झाले. मला मुठीत धरून तो घरी आला आणि त्याने मला टेबलावर ठेवलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली. तिच्या बोटांवर अजून केकचं क्रीम होतं. "काढणार होते. पण तुम्ही गुणगुणत होतात, मला काढवेना. चुकलं माझं."

"सगळं गाव माझ्यावर हसत होतं, आणि मला वाटलं..." शनिवारी आपण परत जायचं सांगतोय, एवढंच म्हणून तो झोपायला गेला.

गुरुवारी मी तारेवर होतो. तिने कपडे वाळत घातले, पण मोज्यांशीसुद्धा बोलली नाही. माझ्या तोंडात त्याचा रुमाल होता. मी तो इतका घट्ट धरला की त्यावर वळ उठले.

शुक्रवारी त्याने मला तारेवरून ओढलं आणि वजनांच्या पेटीत टाकलं. पितळी वजनं अंग चोरून बसली, मोठ्या घरची ना ती! तो तडक आजींच्या दुकानात गेला आणि मला त्यांच्यासमोर ठेवून म्हणाला, निदान तुम्ही तरी सांगायचं होतं.

आजींनी मला उचलून निरखलं. "सोमवारी हसले ते याला. खोटं कशाला बोलू? पोट दुखेपर्यंत हसले. पण मंगळवारी तुम्ही समोरून हसत आलात, तेव्हा हा मला दिसतच कुठे होता? हा तर तुमच्या पाठीला. तुम्ही हसलात म्हणून मी हसले."

मग काय करावं ते न कळून त्याने सवयीने मला तराजूत टाकलं आणि दुसऱ्या पारड्यात सगळ्यात लहान वजन ठेवलं. माझं पारडं टुणकन वर गेलं, इतका मी हलका. आजी म्हणाल्या, "एवढ्याशा जिवावर चिडलात होय?" आणि तो हसला. या वेळी गंज नव्हता. मी तर पारड्यात झोके घेत होतो, खाली उतरायचं मनच होईना.

शनिवारी सकाळी ती बाल्कनीत उभी होती, डोळे सुजलेले. पेटीतून घरी परत आलेला मी तिच्या हातात होतो. तो आला, त्याने मला काढून घेतलं आणि जॅकेटच्या पुढच्या खिशाला लावलं. जाताना गुणगुणत गेला.

ऑफिसात मोठ्या साहेबांनी आधी मला पाहिलं, मग त्याला.

"हे काय आहे?"

"चिमटा आहे साहेब. इथलाच आहे," तो म्हणाला. "मीही इथलाच, असं लिहून घ्या."

आज रविवार आहे. मी तारेवर आहे, तोंडात तेच जॅकेट, आणि खाली ती मोज्यांना इतकं भरभरून सांगतेय की पाणी ठिबकायचंही थांबलंय. उद्या मी पुन्हा खिशावर असणार. माझी एकच विनंती आहे. रस्त्यात कुणाच्या पाठीला चिमटा दिसला तर त्याला सांगा, नक्की सांगा. पण त्याआधी एकदा त्याच्या समोर जाऊन हसा. मी पुढे बघायला लागल्यापासून सगळ्यांच्या चेहऱ्यांकडेच बघतोय, कोण आधी हसतं ते.