गुळाआधीची वाटी

तुरीची डाळ शिजवून घोटावी. पाणी, आमसूल, शेंगदाणे, आलं. उकळी येऊ द्यावी. मग गूळ.

तरुलता इथे थांबली. तिने एक वाटी डाळ बाजूला काढली आणि मगच पातेल्यात गूळ सोडला. लग्न होऊन नडियादला आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. असं ती आज पहिल्यांदाच करत होती. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "रक्तातली साखर अशीच राहिली तर डोळे जातील, बेन. आणि गूळ म्हणजेही साखरच."

सासूच्या नजरेतून वाटी सुटली नाही.

"ही कुणाची?"

"माझी, बा. गुळाआधीची."

"गूळ कुठे साखर असतो? देवापुढे ठेवतो आपण." मंछाबांनी आवाज खाली आणला. "नटूची बायको अशीच वाटी काढायची. वर्षाच्या आत चूल वेगळी करून माझ्या धाकट्याला घेऊन गेली. एका घरात दोन डाळी नांदत नाहीत, तरु."

"मग सगळ्यांचीच कमी गोड करू?"

"किरीटने काय पाप केलंय?"

किरीटभाई वर्तमानपत्र वाचत होते. बायकोकडे न बघता म्हणाले, "ओत गं परत. एका वाटीने काय होतंय?"

तिने ओतली.

फोडणी: मोहरी, मेथ्या, लवंग, दालचिनी.

एक वाटी सकाळी, एक संध्याकाळी. शाकात गूळ, कढीत साखर. असं चार वर्षं. कमी वाढून घेतलं की मंछाबा विचारायच्या, "माझ्या घरच्या डाळीला नाक मुरडतेस?" कोरडी रोटली ताकात बुडवून खाल्ली तर शेजारी बातमी जायची की सून रुसलीय. गोळ्या वाढल्या. डाव्या डोळ्यावर दोनदा लेझर झालं, तरी तो विझला तो विझलाच. तांदळातले खडे ती आता बोटांनी शोधते.

वरून कोथिंबीर.

यंदा उत्तरायणानंतर किरीटभाईंनी सहज रक्त तपासून घेतलं. साखर काठावर निघाली. नुसती काठावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरुलता स्वयंपाकघरात आली तर गुळाचा डबा जागेवर नव्हता. मंछाबांनी तो स्वतःच्या हाताने शेजारच्या कोकिळाबेनला देऊन टाकला होता.

"आजपासून डाळीत गूळ नाही," त्या म्हणाल्या. "शाकात नाही, कढीत नाही. सगळ्यांनीच असं खायचं. तो एकटा कसा खाईल बिचारा? आणि बघ, तुझंही आपोआप झालं."

दुपारी तिघं जेवायला बसली. किरीटभाईंनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण वाटी खाली ठेवली नाही. शहाण्या मुलाकडे बघावं तसं मंछाबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तरु," ते म्हणाले, "किती दिवसांत सवय होते गं याची?"

ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते. ते दिसावेत म्हणून तिने मान पुरती वळवली.

"मला काय विचारता? मीही आज पहिल्यांदाच खातेय."

किरीटभाई भात कालवत राहिले.

"जेवताना असं बोलू नये, सूनबाई," मंछाबा म्हणाल्या. "आधीच त्याला घास उतरत नाहीये."