गिलकं सकाळचं, दोडका संध्याकाळचा

पीएच.डी.च्या जागेसाठीची ऑनलाइन मुलाखत संपली. सुषमाने लॅपटॉप मिटला आणि आईकडे न बघताच म्हणाली, "नाही होणार माझं."

शोभाबाई जमिनीवर बसून साडीच्या काठाला टिकल्या चिकटवत होत्या. सुरतच्या बमरोलीतल्या त्या खोलीत मुलाखतीसाठी वेगळी जागा कुठून असणार? पाऊण तास त्यांनी आवाज न करता काम केलं होतं. मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली एवढं त्यांना ठाऊक होतं. पुढे ती नेमकं काय करणार, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"काय इचारं त्यास्नी?"

"फुलं आणि कीटक यांच्यावर संशोधन आहे, माय. कोणत्या फुलावर कोण येतं, त्यामुळे फळ कसं धरतं. वर्षा मॅडम म्हणून आहेत तिथे. त्या म्हणाल्या, पुस्तकातलं सगळं येतं तुम्हाला, पण स्वतः काय पाहिलंय? स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीवर एक पान लिहून पाठवायचंय, दोन आठवड्यांत. मी इथे कापडाच्या लूमशिवाय काय पाहिलंय?"

शोभाबाईंनी हातातली टिकली तशीच बोटावर धरली. "हाई काम तं मी करेल शे."

सुषमाला वाटलं, आईला नीट कळलं नाही. पण शोभाबाई बोलत राहिल्या आणि साडी बाजूला पडली. लग्नाआधी चोपड्याजवळच्या गावात त्या कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर जायच्या. दुपारनंतर कळ्या सोलून आतले पुंकेसर काढून टाकायचे, देठाला लाल चिठ्ठी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्या कळीवर फिरवायचं. वीस-बावीस बाया ओळीत. शोभाबाईंच्या शेजारच्या ओळीत कायम अनुसया असायची. दोघी एकमेकींच्या राहिलेल्या कळ्या उरकायच्या आणि कडुलिंबाखाली एका फडक्यावर भाकरी सोडायच्या.

"मधमाशी असताना बाया कशाला लावायच्या?" सुषमाने विचारलं.

"माशी कोनतंबी फूल घेस. मालकले एकाच जातना नर पाहिजे व्हता." शोभाबाई हसल्या. सुषमाने आईला असं हसताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मग काहीतरी आठवून त्या म्हणाल्या की कपाशीवर फवारणी झाली की आठ-आठ दिवस माशी दिसायची नाही. तेव्हा घरामागच्या गिलक्याला, म्हणजे घोसाळ्याला, फळ धरायचं नाही, कोवळं असतानाच पिवळं पडून गळायचं. दोडका मात्र लागायचा. दोन्ही वेल एकाच कुंपणावर.

सुषमा सरळ बसली. "का?"

"मी काय जानू? अनुसया म्हने, दोडकाले कोनी तरी दुसरं भेटाले येस."

अनुसया आता कुठे असते, हे शोभाबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी गावाकडे बहिणीला, मंदाला फोन लावला. मंदाला पत्ता माहीत होता. अनुसया अकरा वर्षांपासून सुरतमध्येच होती, इच्छापोरला. नवरा कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. एकाच शहरात दोघी, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही.

रविवारी मायलेकी सिटी बसने इच्छापोरला गेल्या. अनुसया दारातच उभी होती. केस पांढरे, एक दात पडलेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग अनुसयाने शोभाबाईंचा हात उलटा करून बोटं पाहिली. "गोंद," ती म्हणाली. "तवय आपला बोट कपाशीना चिकमा भरेल ऱ्हायेत."

खोल्यांच्या मागे, कंपनीच्या भिंतीलगत, अनुसयाने वेल लावले होते. गिलकं आणि दोडका दोन्ही. गाव सुटलं तरी ते तेवढं सुटलं नाही, असं ती म्हणाली.

गिलक्याची फुलं सकाळीच उमललेली होती. सुषमा वहीत नोंदी करत बसली. पाव तासात तेवीस मधमाश्या. दोडक्याच्या कळ्या मात्र दिवसभर घट्ट मिटलेल्या. दुपारी तिघींनी खिचडी खाल्ली. दोन मैत्रिणी कोण मेलं, कोणाचं लग्न कुठे झालं, हे बोलत राहिल्या. साडेपाचनंतर दोडक्याची पिवळी फुलं एकेक करून उलगडू लागली. माश्या केव्हाच गेल्या होत्या. उजेड उतरायला लागला तसा एक मोठा राखाडी पतंग आला. फुलावर न बसता हवेतच थरथरत राहिला आणि लांब सोंड आत घातली. मागून दुसरा.

"एवढी वरसं दोडका खाधा," शोभाबाई हळूच म्हणाल्या, "पन हाऊ कधी देखा नही."

"त्या टाइमले आपन रोज चुल्हापान भाकरी करूत," अनुसया म्हणाली.

सुषमा पुढचे चार दिवसही इच्छापोरला जाऊन मोजत राहिली. पानाच्या शेवटी तिने प्रश्न लिहिला: शेतातल्या फवारणीने दिवसाचे पाहुणे कमी होतात, तेव्हा संध्याकाळचे पाहुणे टिकतात का? त्याखाली लिहिलं, हे निरीक्षण मूळ शोभाबाई आणि अनुसया यांचं आहे.

मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीत वर्षा मॅडमनी त्या दोन नावांबद्दलच सर्वाधिक वेळ विचारलं. महिन्याभरात निवडीचं पत्र आलं. वडील धुडकू लूमच्या पाळीवरून आले तेव्हा सुषमाने ते मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग डबा न ठेवताच शेजारी सांगायला गेले.

सुषमा आता दक्षिणेकडच्या संस्थेत दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी तिला आईचा फोन येत नाही. त्या दिवशी शोभाबाई इच्छापोरला असतात, आणि तिथे गेल्यावर त्या कोणाचाच फोन घेत नाहीत.