उंडीवरचं घरटं

काळूरामनं वल्हं उगारलं आणि परसातल्या उंडीच्या झाडावरचं कावळ्याचं घरटं एका फटक्यात खाली पाडलं. पिल्लांना अजून पिसंही फुटली नव्हती. त्यानं ती टाचेखाली एकेक करून चिरडली. मिठाच्या सत्याग्रहाचं साल, वैशाख सरत आलेला. रेवदंड्याच्या बाकी सगळ्या होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या होत्या. काळूरामची तेवढी अजून पाण्यात होती.

राग खरा बायकोवर होता. शकूच्या बापानं तिला आगरदांड्याला लहानपणीच शिकवलं होतं: कावळ्यानं शेंड्याला घरटं केलं तर तुफान उशिरा, खालच्या बेचक्यात केलं तर लवकर. यंदाचं घरटं हाताशी आलं होतं. मावळतीला कृत्तिकाही दिसेनाशा झाल्या होत्या, ती तुफानाची दुसरी खूण. तिनं धाकट्या भावाला, रतनला, बजावलं, "आता दर्यात जायाचं न्हाय." होडी दोघांनी चालवायची, रतनशिवाय ती हलणार नव्हती. आणि आईबाप गेल्यापासून शकूला रतनशिवाय जगात कुणी नव्हतं.

"कुठं हाय तुझं तुफान? दाव!" काळूरामनं तिचे केस धरून तिला पिल्लांच्या त्या चिखलात दाबलं. तिचा ओठ फाटला.

कावळा माणूस विसरत नाही. दुसऱ्या दिवसापासून काळूराम दाराबाहेर पडला की जोडी त्याच्या टाळक्यावर झेपावायची. रक्त निघायचं. एवढा आडदांड गडी डोक्यावर मासळीची टोपली पालथी घालून परसाकडे जाऊ लागला. कोळीवाडा पोट धरून हसायचा, आणि त्या प्रत्येक हसण्याचे वळ शकूच्या पाठीवर उठायचे.

शेवटी रतनला बघवेना. "भावोजी, शकूबायला मारू नका. येतो मी."

सकाळी दोघं किनाऱ्यावर गेले. शकूला कळलं तशी ती कुऱ्हाड घेऊन धावली आणि कुणी अडवायच्या आत होडीच्या तळावर घाव घालू लागली. फळी फुटली. पाणी आत आलं.

"रांडे!" काळूराम वल्हं घेऊन तिच्यावर धावला. धावताना टोपली पडली, आणि माडावरून कावळे थेट त्याच्या तोंडावर आले. एकानं भुवई फाडली. डोळ्यांत रक्त उतरलं, तसा तो आंधळ्यासारखा वल्हं फिरवत सुटला. रतन बहिणीला मागं ढकलून मध्ये शिरला.

नारळ फुटावा तसा आवाज झाला. शकूनं रतनचं डोकं मांडीवर घेतलं, पण तो पुन्हा बोलला नाही.

संध्याकाळी वारा फिरला आणि तुफान आलं. माड मोडले, झापं उडाली. होडी किनाऱ्यावर होती. रतनही किनाऱ्यावरच होता.

भादव्यात पहाटे दक्षिणेला अगस्तीचा तारा दिसू लागला. परसात शेपूट हलवत धोबी पक्षी आला. लोकांनी होड्या लोटल्या. काळूराम तुरुंगात होता.

शेजारच्या सखुबाईनं कुंपणावरून विचारलं, "शके, औंदा वारा कसा हाय गं? तुझा अंदाज चुकत न्हाय."

शकू आभाळाकडे पाठ करून मासळी चिरत होती. घरटं खरं ठरलं होतं, कृत्तिका खऱ्या ठरल्या होत्या, तरी रतन गेला होता, आणि तेच तिला जाळत होतं. एकदा तरी खोटे पडला असतात मेल्यांनो, असं तिच्या मनात आलं. वर न बघता ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला विचार."